उन्हाळ्यातली बाग : काम कमी, सावली जास्त

मे महिन्याच्या सुट्टीत आठ-दहा दिवस गावी जाऊन आलेले कुटुंब घराचे कुलूप उघडते. सामान दारातच टेकवून घरातले कोणीतरी आधी गॅलरीत डोकावते. मोगऱ्याची पाने कुरकुरीत झालेली असतात, कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या उरलेल्या असतात आणि तुळशीचा खराटा झालेला असतो. काही घरांत तर कोणी गावी गेलेलेही नसते. सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओतूनही झाडे गेलेली असतात. मग ‘आपल्या हाताला झाडेच लागत नाहीत’ असे म्हणून रिकाम्या कुंड्या एका कोपऱ्यात रचल्या जातात.

यात हाताचा दोष फारसा नसतो. उन्हाळ्यात कुंडीतले झाड मरते ते बऱ्याचदा वरून लागणाऱ्या उन्हाने नव्हे, तर खाली तापलेल्या मातीने. हे एकदा ध्यानात आले की बागेचे काम वाढत नाही, उलट कमी होते. मुळे थंड ठेवायची, माती झाकायची, पाणी हळूहळू द्यायचे आणि बाकीची बरीच कामे पावसाळ्यावर ढकलायची, एवढाच उन्हाळ्यातल्या बागेचा कार्यक्रम असतो. पाणीकपातीच्या दिवसांत तो घराला परवडतो आणि गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनाही झेपतो.

जमिनीतले झाड आणि कुंडीतले झाड

अंगणातल्या आंब्याची किंवा जास्वंदीची मुळे जमिनीत खोल जातात. तिथे भर दुपारीही माती थंड असते. कुंडीतल्या मुळांना ही पळवाट नसते. कुंडीला ऊन पाचही बाजूंनी लागते. चहूबाजूंनी कडा तापतात, वरून माती तापते. खालची गच्चीची फरशी तर हवेपेक्षा कितीतरी गरम असते आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत उन्हाच्या बाजूची माती ४५ अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते. बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ ३८-४० अंशांच्या आसपास थांबते आणि त्याही पुढे मुळांची टोके करपू लागतात. पाणी शोषून घेण्याचे काम मुख्यतः या कोवळ्या टोकांकडेच असते. ती गेली की माती ओली असूनही झाड तहानलेले राहते. पाने सुकतात, ती पाहून माणूस आणखी पाणी घालतो आणि गरम, चिंब मातीत मुळे कुजू लागतात. मुळांना पाण्याइतकाच प्राणवायूही लागतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या, तर तो मिळत नाही.

दुपारी पाने मलूल दिसणे हे दर वेळी तहानेचे लक्षण नसते. झाडाने शोषलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी पानांवरच्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून वाफ होऊन निघून जाते. त्या बाष्पीभवनानेच पान थंड राहते. कडक उन्हात वाफ होण्याचा वेग मुळांच्या क्षमतेपेक्षा जास्त होतो. अशा वेळी झाड रंध्रे मिटून घेते, पाने खाली सोडते आणि उन्हाला कमी अंग दाखवते. दुपारी दोनला माना टाकलेले रोप संध्याकाळी सातला ताठ उभे राहिले असेल, तर त्याला काहीही झालेले नाही. सकाळीही ते तसेच मलूल असेल, तर मात्र मातीत बोट घालून पाहावे. दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तर पाणी कमी पडते आहे. ओली लागली तर मुळांना इजा झाली आहे आणि आणखी पाणी घालणे म्हणजे रोपाला मारणे आहे.

माती उघडी नको

उन्हाळ्यातल्या बागेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे आच्छादन. मराठवाड्यात किंवा विदर्भात मे महिन्यात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला साधारण एक सेंटिमीटर, कधी त्याहूनही जास्त खाली उतरते. बारा इंची कुंडीच्या तोंडाच्या मापाने हिशेब केला, तर हे पाणी पाऊण लिटरच्या आसपास भरते. ओली उघडी मातीही जवळपास याच वेगाने सुकू लागते. म्हणजे घातलेल्या पाण्यातला मोठा वाटा झाडापर्यंत न पोहोचताच उडून जातो.

त्यासाठी मातीवर दोन इंचांचा थर अंथरावा. वाळलेला पाला, उसाचे पाचट, नारळाच्या शेंड्या, भाताचा पेंढा, शेंगदाण्याची टरफले यांपैकी जे हाताशी असेल ते चालते. रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडे फुकट मिळतात. ती वाळवून, बारीक करून घ्यावीत, म्हणजे त्यांच्या गोडव्याला मुंग्या लागत नाहीत. खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडावी, कारण ओला पाला खोडाला सतत चिकटून राहिला तर साल कुजते. आच्छादनाखाली माती थंड राहते, पाणी घातल्यावर वरचा थर कडक होत नाही आणि तण उगवत नाही. पाऊस सुरू झाल्यावर हाच पाला कुजून त्याचे खत होते.

कोल्हापूरच्या ‘प्रयोग परिवार’चे श्रीपाद दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. थोडकी जागा, ऊन आणि झाडांचा पालापाचोळा एवढ्या भांडवलावर भरपूर पिकवता येते, हे त्यांनी अनेकांना करून पाहायला लावले. पाला हा कचरा नाही हे त्यांचे सूत्र गच्चीवरच्या चार कुंड्यांनाही लागू पडते. सोसायटीच्या आवारात झाडून जाळला जाणारा पाला एका पोत्यात भरून ठेवला, तर अख्ख्या उन्हाळ्याची सोय होते.

सावली कुणाला, किती

मातीइतकीच कुंडीच्या कडांनाही सावली हवी. कुंड्या एकेकट्या, रांगेत मांडण्याऐवजी एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. मोठ्या कुंड्या पश्चिमेच्या बाजूला, लहान त्यांच्या आडोशाला. अशा घोळक्यात प्रत्येक कुंडीची एखादीच बाजू उन्हात राहते आणि पानांतून निघणाऱ्या बाष्पामुळे मधली हवाही थोडी दमट राहते. तापलेल्या फरशीशी थेट संबंध तुटावा म्हणून खाली दोन विटा किंवा लाकडी फळी टाकावी. काळ्या कुंडीला बाहेरून चुना फासावा, किंवा ती कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या फटीत वाळू भरावी. वाळू ओली ठेवली की बाहेरची कुंडी माठासारखी पाझरते आणि आतली थंड राहते.

पूर्वेच्या गॅलरीत सकाळचे कोवळे ऊन येते. तिथे फारसे काही करावे लागत नाही. अडचण असते ती पश्चिमेच्या गॅलरीची आणि गच्चीची. तिथे दुपारी बारा ते चार सावली मिळेल अशी व्यवस्था हवी. बाजारात मिळणारी हिरवी जाळी ५० टक्के ऊन अडवणारी घेतली, तर भाज्या आणि फुलझाडांना पुरेशी ठरते. मनीप्लांट, नेचे यांसारख्या सावलीप्रिय झाडांना ७५ टक्क्यांची लागते. जाळी झाडांच्या अंगावर टाकू नये. दोन-तीन फूट वर ताणून बांधावी, म्हणजे खालून वारा खेळतो. जाळी आणायची नसेल तर जुनी सुती साडीही दोरीवर बांधता येते.

पाणी केव्हा आणि कसे

पाणी द्यायची उत्तम वेळ पहाटेची, म्हणजे ऊन चढण्याआधीची. ‘दुपारी पाणी घातले की थेंबांचे भिंग होऊन पाने जळतात’ असे सांगितले जाते. हंगेरीतील संशोधकांनी ते तपासून पाहिले आणि २०१०मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. गुळगुळीत पानावर चिकटलेला थेंब पान जाळू शकेल इतके ऊन एका जागी गोळा करत नाही. लव असलेल्या पानांवर थेंब लवेच्या टोकांवर उचलला जातो, तिथे मात्र तशी शक्यता उरते. दुपारी पाणी न घालण्याची खरी कारणे वेगळी आहेत. तेव्हा घातलेले पाणी लवकर उडून जाते. उन्हात पडलेल्या नळीतले किंवा गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी हाताला चटका बसेल इतके तापलेले असते आणि ते थेट मुळांवर पडते. शिवाय पाणी घालणारा माणूसही उन्हात उभा असतो. रात्री बादली भरून ठेवावी आणि सकाळी त्याच पाण्याने झाडे भिजवावीत, हे सगळ्यांत सोपे.

रोज वरवर शिंपडण्यापेक्षा एकदाच, पण तळाच्या भोकातून थेंब येईपर्यंत पाणी घालावे. वरचेवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच्या थरातच राहतात आणि तोच थर सर्वांत जास्त तापतो. नळी उघडी सोडली तर मिनिटाला दहा लिटर पाणी सहज जाते. झारी किंवा तांब्या घेतला तर बारा इंची वीस कुंड्यांना, आच्छादन असल्यास, दोन बादल्यांत भागते.

कधीकधी पाणी घातल्या घातल्या तळातून बाहेर येते आणि झाड तरीही सुकलेलेच राहते. अशा कुंडीतली माती वाळून आक्रसलेली असते आणि कडेने फट पडलेली असते. पाणी त्या फटीतून निघून जाते, मातीचा गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात तळाकडून अर्ध्यापर्यंत बुडवून वीस-पंचवीस मिनिटे ठेवावी. माती फुगते, फट बुजते. मातीत एक तृतीयांश कोकोपीट आणि तेवढेच कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेले असेल, तर ही वेळ सहसा येत नाही.

घरातले बरेच पाणी बागेला चालते. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी निर्धोक असते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी म्हणजे हवेतलेच बाष्प. त्यात क्षार जवळपास नसतात आणि मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ते दिवसाला कित्येक लिटर जमते. ते फुलझाडांना द्यावे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र जपून वापरावे. त्यात क्षार एकवटलेले असतात. रोज तेच घातले तर कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो आणि पानांची टोके करपतात. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, साध्या पाण्यात मिसळून दिले तर चालते. कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ वाढवण्याची जुनी पद्धत आहे. शहरी न्हाणीघरातून मात्र डिटर्जंट आणि जंतुनाशकेही वाहतात. त्यामुळे ते पाणी खायच्या झाडांना देऊ नये.

कमी कुंड्या, मोठ्या कुंड्या

कष्ट कमी करायचे असतील तर कुंड्यांची संख्या कमी आणि आकार मोठा असावा. सहा इंची कुंडीच्या दुप्पट मापाची, म्हणजे बारा इंची कुंडी घेतली, तर तिच्यात माती दुप्पट नव्हे, आठपट मावते. पृष्ठभाग मात्र चौपटच असतो. म्हणून मोठी कुंडी उशिरा तापते आणि उशिरा सुकते. लहान कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागते त्या दिवसांत मोठीला एक दिवसाआड पुरते. आठ लहान कुंड्यांपेक्षा एका मोठ्या कुंडीत दोन-तीन झाडे एकत्र लावणे सोयीचे. उंच मिरचीच्या बुडाशी माठ किंवा घोळ लावली तर तिची पानेच मातीला सावली देतात. गच्चीवर मात्र वजनाचा विचार करावा. ओली माती जड असते. मोठ्या कुंड्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवाव्यात.

ऊन सोसणारी झाडे

ज्या झाडाला उन्हाळाच मानवतो ते झाड लावले की निम्मे काम संपते. काही झाडांनी यासाठी रात्रीची पाळी पत्करली आहे. दिवसा ती पर्णरंध्रे बंद ठेवतात, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दुसऱ्या दिवशी उन्हात, रंध्रे न उघडताच, त्या साठ्यातून अन्न तयार करतात. त्यामुळे पाणी फारच कमी खर्च होते. या युक्तीची एक जुनी नोंद भारतातलीच आहे. बेंजामिन हेन या वनस्पतीअभ्यासकाने पानफुटीचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडसर लागते, असे १८१३मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवले होते. रात्री साठलेले आम्ल दिवसभरात संपते, हे त्या चवीमागचे कारण. (हा प्रयोग घरी करू नये. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात.) कोरफड, स्नेक प्लांट आणि निवडुंग याच पद्धतीने जगतात. त्यांना उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा पाणी पुरते आणि ती मरतात ती बहुधा मायेपोटी रोज घातलेल्या पाण्याने.

स्नेक प्लांट घरातली हवा शुद्ध करतो, अशी जाहिरात सर्रास होते. तो दावा बंदिस्त पेटीतल्या प्रयोगांवर उभा आहे. २०१९मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडे, कदाचित शेकडो लागतील, असे त्यात दिसले. स्नेक प्लांट लावावा तो दिसतो छान आणि मागतो कमी म्हणून.

खायच्या झाडांत उन्हाळ्याचा खरा मानकरी म्हणजे घोळ. शेतात तण म्हणून उपटली जाणारी ही आंबटसर पालेभाजी काडी खोचली तरी लागते. मका आणि ऊस यांच्यासारखी उन्हात कार्यक्षमतेने अन्न बनवण्याची रीत आणि पानफुटीसारखी पाणी राखण्याची रीत, अशा दोन्ही रीती घोळीत आहेत. त्या दोन्ही एकाच पेशीत हातात हात घालून चालतात, हे २०२२मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. घोळीत वनस्पतीजन्य ओमेगा-३ मेदाम्ले इतर पालेभाज्यांच्या तुलनेत चांगल्या प्रमाणात असतात. ऑक्झलेटही भरपूर असते. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच खावी.

तांबडा माठ, राजगिरा, चवळी, गवार, भेंडी, अंबाडी, शेवगा, गवती चहा ही उन्हाळ्यातली भरवशाची मंडळी. माठ पेरल्यापासून महिन्याभरात पानावर येतो. कोथिंबीर, मेथी आणि पालक यांचा हट्ट मात्र एप्रिल-मेमध्ये धरू नये. उष्णतेने त्यांना लवकर फुलोरा येतो आणि पाने राठ होतात. टोमॅटोला दिवसा ३५ अंशांच्या वर तापमान गेले की परागकण निकामी होऊ लागतात. फुले येतात आणि गळून पडतात. खताने यात फरक पडत नाही.

फुलांमध्ये सदाफुली, बोगनवेल आणि ‘ऑफिस टाइम’ म्हणून ओळखला जाणारा चिनी गुलाब यांना ऊन जितके तेवढे थोडे. मोगऱ्याला ऊन हवे, पण पाण्याचा खाडा चालत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर किंवा जाळीवर मधुमालती किंवा कृष्णकमळाची वेल चढवली, तर भिंतीवर थेट पडणारे ऊन अडते आणि आतली खोली संध्याकाळी कमी तापते. गॅलरीतल्या चार सुट्या कुंड्यांनी घर थंड होत नाही. पण भिंत झाकणारी वेल तो फरक करू शकते.

गावी जाताना

वैशाखात शंकराच्या पिंडीवर आणि काही घरांत तुळशीवरही गळती लावतात. तळाला बारीक छिद्र पाडलेले पाण्याचे भांडे वर टांगले जाते आणि थेंब थेंब पाणी खाली पडत राहते. सुट्टीत बाग जगवण्याचे सगळे उपाय याच तत्त्वावर चालतात. पाणी थोडे, पण सतत.

सर्वांत जुना उपाय मडक्याचा. चिनी ग्रंथकार फान शंगचि यांनी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शेतात पाण्याने भरलेली मडकी पुरण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. घरी त्यासाठी संक्रांतीचे सुगड पुरते. ते भाजक्या मातीचे, आतून-बाहेरून रंग न दिलेले हवे, कारण रंगाने छिद्रे बुजतात. कुंडीत ते गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर दिवाळीची पणती पालथी घालावी. आजूबाजूची माती सुकली की ती सुगडाच्या भिंतीतून पाणी ओढून घेते. माती ओली असली की पाझर मंदावतो. म्हणजे पाणी किती द्यायचे हे मातीच ठरवते. लहान सुगड एक-दोन दिवस पुरते. आठवड्यासाठी मोठे मडके आणि मोठी कुंडी लागते.

दुसरा उपाय वातीचा. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढते तसे सुती दोरीतून पाणी सरकते. पाण्याची बादली कुंड्यांच्या मधोमध थोड्या उंचीवर ठेवावी. जाड सुती दोरीचे एक टोक बादलीच्या तळापर्यंत सोडावे, दुसरे कुंडीच्या मातीत तीन-चार इंच खोल पुरावे. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्यावी, नाहीतर पाणी चढतच नाही. एका दोरीने एका दिवसात किती पाणी जाते हे दोरीच्या जाडीवर आणि मातीवर अवलंबून असते. म्हणून निघण्याच्या आधी आठवडाभर घरीच चाचणी घ्यावी. बादलीत पाणी कुठवर उतरले याची रोज खूण केली की गरज कळते.

निघण्याच्या दिवशी सगळ्या कुंड्या उत्तर किंवा पूर्व बाजूच्या सावलीत एकत्र कराव्यात, तळापर्यंत भिजवाव्यात, आच्छादन जाड करावे आणि फुले, कळ्या व तुळशीच्या मंजिऱ्या खुडून टाकाव्यात. फुलोरा आणि बी धरण्यात झाडाची शक्ती जाते. शेजाऱ्यांना किल्ली देताना ‘पाणी घाला’ एवढेच न सांगता कोणत्या कुंडीला किती तांबे, हे खडूने कुंडीवरच लिहून ठेवावे. नाहीतर कोरफडीलाही तुळशीइतकेच पाणी मिळते.

बागेतला डास

घरच्या बागेने आरोग्याला मिळणारा सगळा फायदा कुंडीखालच्या ताटलीतले अर्धा इंच पाणी घालवू शकते. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, तर अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होईपर्यंत उन्हाळ्यात सात ते दहा दिवस लागतात. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ पाळण्याचा आरोग्य विभागाचा आग्रह याच हिशेबावर उभा आहे. पण नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही काही महिने टिकतात. पहिल्या पावसाचे पाणी लागले की ती उबतात. म्हणून ताटल्या आठवड्यातून एकदा काथ्याने घासून, पालथ्या घालून वाळवाव्यात. मनीप्लांटच्या बाटल्या आणि बांबूची भांडी यांचे पाणी त्याच दिवशी बदलावे. गावी जाताना ताटल्या काढूनच ठेवाव्यात. वातीच्या बादलीवर आणि पुरलेल्या सुगडावर घट्ट झाकण हवे. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन नेमका पावसाळ्याच्या तोंडावर येतो. कुंड्यांची पाहणी करायला तो दिवस सोयीचा आहे.

माणसाने स्वतःला जपावे

बागेचे काम सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करावे. ज्येष्ठ नागरिक, गर्भवती स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि लघवी जास्त होण्याची औषधे घेणारे यांना उष्णतेचा त्रास लवकर होतो. काम करताना चक्कर, मळमळ किंवा पायात गोळे आले तर लगेच सावलीत बसून पाणी किंवा ओआरएस घ्यावे. अंग तापून बोलण्यात असंबद्धता आली किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी घालत, वारा घालत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. कोरडे कोकोपीट आणि वाळलेली माती हाताळताना ती आधी ओली करावी, म्हणजे धूळ आणि बुरशीचे कण नाकात जात नाहीत. दम्याच्या रुग्णांनी मास्क लावावा.

पाणी कमी लागणारी काही झाडे विषारीही असतात. कण्हेर महामार्गांच्या दुभाजकांवर बिनपाण्याची तग धरते, पण तिच्या पानाफुलांत हृदयाला घातक द्रव्ये असतात. डायफेनबॅकियाचे पान चावले तर तोंड सुजते. सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधे तयार होतात. म्हणूनच तिची पाने मधुमेहावर घरगुती उपाय म्हणून चावणे धोक्याचे. रांगती मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात ही झाडे त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावीत, कण्हेर तर नसलेलीच बरी.

न करण्याची कामे

एप्रिल-मेमध्ये कुंडी बदलू नये. मुळे तुटतात आणि भरून यायला थंडावा मिळत नाही. मोठी छाटणी करू नये, कारण वरची पाने हीच खालच्या फांद्यांची सावली असतात. करपलेली पानेही जूनपर्यंत राहू द्यावीत. रासायनिक खत देऊ नये. कोरड्या, तापलेल्या मातीत क्षार वाढले की मुळांतलेच पाणी बाहेर ओढले जाते. नर्सरीतून नवी रोपे आणण्याचा मोहही आवरावा. ती हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात आणि गच्चीवरचे ऊन त्यांना एका दिवसात करपवते.

खराटा झालेली तुळसही लगेच उपटू नये. नखाने खोड जरासे खरवडून पाहावे. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. ती कुंडी सावलीत हलवावी, मातीवर पाला टाकावा आणि माती नुसती ओलसर राहील एवढेच पाणी द्यावे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर पेरांवर बारीक हिरवे ठिपके दिसू लागतात. खत, छाटणी, नवी कुंडी, सगळे त्यानंतर.